हनुवटीवरचे ठिपके

३ मार्च

डिस्क आली. गिरणी संपावरची जुनी फिल्म, आमचं मंडळ वाचनालयांना देणार ती. संदेश स्वतः दादरहून घेऊन आला. माझा जुना विद्यार्थी, आता तिथेच एडिटिंग करतो. "सर, फुल एचडी. हॉलच्या भिंतीवर लावा, चित्र फुटणार नाही."

तो गेल्यावर लावली. गिरणीची चिमणी, चाळीचे कठडे, सुकत घातलेली लुगडी, सगळं लख्ख. मग संपातली रात्रीची सभा आली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसलेल्या बायका. पुढच्या रांगा ठीक. मागच्या रांगांचे चेहरे मेणाचे, काळोखात चौकोन पडलेले, फरशी बसवल्यासारखे.

आईची हनुवटी गायब.

गेल्या महिन्यात संदेशच्या मशीनवर मूळ स्कॅन बघताना ती दिसली होती. मान वळवते, एवढंच. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. घरात आईचा एकही फोटो नाही. ती गेली तेव्हा मी बालवाडीतही नव्हतो. मला ती थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या तोंडून माहीत: उंच, सावळी, हनुवटीवर तीन ठिपके.

अक्काला अजून सांगितलेलं नाही. संदेशलाही नाही.

४ मार्च

दादर. भांडलो.

"सर, डिस्कची जागा ठरलेली. अख्खी फिल्म, न वापरलेली रिळं, वर तुमचं जयंतीचं भाषण. सगळं दाबून बसवायचं तर काहीतरी मरणार."

"मग मागच्या बायकाच का?"

"अंधारात कोण बघतंय, असं सॉफ्टवेअरला वाटतं."

हे वाक्य माझ्या भाषणात हवं होतं. राग आला की मला आधी भाषण सुचतं, मग उपाय. जास्त जागेची, दोन थरांची डिस्क घे म्हटलं. तर म्हणे वाचनालयांतल्या जुन्या प्लेयरवर ती अडकते, करून बघितलंय. आणि ही डिस्क वाचनालयांसाठीच आहे. नेटवरून कोणीही काहीही कधीही काढून टाकतं. कपाटातलं काढायला माणूस यावा लागतो.

६ मार्च

दोन दिवस वाचतोय. शेवटी एवढं कळलं: जुन्या रिळाच्या चित्रात बारीक दाणे असतात. प्रत्येक चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, वेगळ्या जागी, मुंग्यांसारखे. कॉम्प्रेशन म्हणजे मागच्या चौकटीत होतं ते पुन्हा न लिहिणं, फक्त बदल लिहिणं. दाणे सतत बदलतात, म्हणून जागा खातात. जागा कमी पडली की पहिला बळी त्यांचा. संदेशने तर दाबायच्या आधीच ते पुसून घेतले. "क्लीन दिसतं, सर. लोकांना क्लीन आवडतं."

आईचे ठिपके दाण्यांएवढेच. कचरा समजून तेही पुसले.

स्वच्छ करणारा नेहमी आधी ठरवतो की घाण कोण. हे मी आयुष्यभर बोलत आलो. माझ्याच डिस्कवर…

७ मार्च

संदेशला म्हटलं, माझं भाषण कशाला जागा खाईल, एक माणूस माइकसमोर उभा आहे. तो हसायला लागला. लावून दाखवलं.

मी उभा नाहीच. हात, मान, बोट, सारखं चालू. आणि पाठीमागे पोरांनी लावलेली लाइटिंगची झालर, पूर्ण वेळ लुकलुकतेय. "हे सगळं दर सेकंदाला बदलतंय ना सर, तुमच्यापेक्षा लाइटिंगच जास्त खातेय." त्या दिवशी एका पोराने विचारलं होतं, बंद करू का. मीच म्हणालो, राहू दे, शोभतंय.

भाषण काढ म्हणालो. मग घरी येईपर्यंत चुटपुट. वर्षातलं सर्वांत चांगलं भाषण होतं ते. परळ नाक्यावरून फोन केला: चित्र काढ, आवाज ठेव. काळा पडदा.

"काळ्याला काहीच लागत नाही," संदेश.

९ मार्च

भोईवाड्यात मंडळाची बैठक. अध्यक्ष बबनराव तापलेले. "लोकं तुम्हाला बघायला डिस्क लावणार. आवाज काय, मोबाइलवर पण आहे. मागच्या रांगेतल्या बायांसाठी तुम्ही स्वतःला कापताय?"

उभा राहिलो. मागच्या रांगेवर बोललो. संप कोणाच्या चुलीवर चालला, मोर्च्यात पाय कोणाचे होते आणि फोटोत तोंडं कोणाची आली. टाळ्या पडल्या. बबनराव डोळे पुसत म्हणाले, "एकदम बरोबर. सर, हे भाषण पण टाकू डिस्कवर."

त्या रांगेत माझी आई आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लगेच मान्य झालं असतं. पण मग ती सरांची आई म्हणून राहिली असती. त्या रांगेतल्या बाकीच्यांचं काय?

निर्णय नाही. बहुमत माझं चित्र परत आणायच्या बाजूने. माझ्याच बाजूने, म्हणजे माझ्याविरुद्ध.

१२ मार्च

संदेशने नवी चाचणी डिस्क दिली. दाणे ठेवलेले, माझा फक्त आवाज. सभेचं चित्र आता खरखरीत, जिवंत. चेहरा आला.

एकेक चौकट पुढे सरकवत बसलो. मनात शंका, ते तीन ठिपके दाणेच असले तर? दाणे प्रत्येक चौकटीत उड्या मारतात. ठिपके हनुवटीबरोबर वळले. दाणे नव्हेत, गोंदणच.

आनंद टिकला नाही. गोंदण आहे, हे सिद्ध झालं. आई आहे, हे कुठे झालं?

१५ मार्च

अक्काला वरळीहून बोलावून घेतलं. काय दाखवणार ते सांगितलं नव्हतं. टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसली, चष्मा काढून. लावलं. ती आणखी पुढे सरकली. परत लावलं.

"गोंदण तेव्हा सगळ्याच बायांना होतं, बाबू."

"म्हणजे ती नाही?"

"असं कुठं म्हटलं मी." मग चहा मागितला. चहा निवला तरी बघतच होती. "सभेला जायची ती. मला चूल बघायला ठेवायची आणि तुला कडेवर मारून जायची. लय रडका होतास, माझ्याकडे राहायचास नाही."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

चित्र थांबवून खाली बघितलं. हनुवटी आहे, खांदा आहे. खांद्याच्या खाली काळोख, आणि काळोखात अजूनही चौकोन. कडेवर मूल आहे की नुसता पदराचा बोंगा, कळत नाही.

संदेशला फोन केला. "माझा आवाज किती जागा खातो?"

"फार नाही सर. पण खातो." मग म्हणाला, "बबनरावांचा दोनदा फोन आला. काय सांगू?"

उद्या येतो म्हणालो, आधी मूळ स्कॅन लावून ठेव, तिच्या खांद्याखाली काय आहे ते बघायचंय. तिथेही काळोखच असला तर…

अक्का म्हणतेय, परत लाव.