चव्वेचाळीसपैकी एकतीस

सोमवार, ४ मार्च

गावाच्या विकास समितीचा चिटणीस होऊन आज आठवडा झाला. आता टिवल्याबावल्या बंद. रोज पाचला उठायचं आणि तासभर फक्त गावाचा विचार करायचा. (आज साडेसात झाले. उद्यापासून.)

बाजारपेठेचा सर्व्हे चाळीस मिनिटांत उरकला. अध्यक्षांनी तीन दिवस धरले होते. रस्ता मोकळा, कुणी आडवं येत नाही, काय लिहिताय म्हणून कुणी विचारत नाही. दुकानं चव्वेचाळीस, त्यातली बंद एकतीस. मन सुन्न झालं. गावाची ही दशा आणि कुणाला पत्ता नाही. नुसतं ‘बंद, बंद’ लिहून पान फारच कोरडं दिसायला लागलं, म्हणून क्रमांक सतरापुढे ‘शटर गंजलेलं’ असं घातलं. अहवालात जरा जीव येतो.

मंगळवार, ५ मार्च

फाइल आणायला बाजारात गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. झाडून सगळी दुकानं उघडी. फाइलवाल्याला विचारलं, आज काय विशेष? तो म्हणाला, विशेष काही नाही, काल सोमवार होता.

सोमवारी बाजार बंद असतो. मी या गावात सेहेचाळीस वर्षं राहतोय. काल उघडी होती ती तेरा दुकानं औषधांची, दुधाची आणि चहाची. तिथेच शंका यायला हवी होती.

अर्थात, गावाकडे परक्याच्या नजरेनं बघावं असं म्हणतात. त्या हिशेबानं माझा सर्व्हे आदर्शच म्हणायचा. तरी उद्या पुन्हा करणार.

क्रमांक सतरा म्हणजे वहिनीचं शिवणकामाचं दुकान निघालं. बोर्ड वाचायचा राहिला होता.

बुधवार, ६ मार्च

गुडघा.

गुरुवार, ७ मार्च

ऊन.

शनिवार, ९ मार्च

अध्यक्ष घरी येऊन रिपोर्ट घेऊन गेले. ‘बाजारपेठ अखेरच्या घटका मोजत आहे’ हे वाक्य त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. माणूस इतकी दाद देतोय आणि आपण मध्येच वाराचा विषय काढायचा, हे बरं दिसत नाही. दुरुस्तीचं पत्र मागाहून देणार.

हिला खरं काय ते सांगितलं. ही म्हणाली, आत्ताच जाऊन सांगा, अजून चपला घालतायत. मी दारापर्यंत गेलो. तोवर घालून झाल्या होत्या.

सोमवार, १८ मार्च

वहिनीनं सुट्टीच्या दिवशी दुकान उघडलं, माझं जाकीट शिवायला. अहवाल मांडायला शहरातल्या ऑफिसात बोलायचं म्हणजे अंगावर धड कपडा हवा, म्हणाली. दादा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मशीन तीच चालवते, आणि माझा एकही शर्ट बाहेर शिवलेला नाही. माप घ्या म्हटलं की म्हणते, भाऊजी, तुमचं माप पाठ आहे, तुम्ही फक्त वाढू नका.

जाकिटाला आतून एक खिसा केलाय. महत्त्वाचे कागद ठेवायला. घरी येऊन दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि त्याच खिशात ठेवलं.

स्वतःची लाज वाटते. नोंद असावी म्हणून लिहितोय.

मंगळवार, २ एप्रिल

प्रेझेंटेशन झालं. त्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमनी विचारलं, एकतीस? खात्री आहे? पत्र छातीशीच होतं. मी म्हणालो, स्वतः मोजलीत. यात खोटं काही नाही, मोजली मीच.

मग मॅडम म्हणाल्या, बाजारच चालत नसेल तर बस आत नेऊन काय उपयोग? थांबा हायवेवर न्या, तिथे नवं केंद्र उभं राहील. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. वहिनीचं दुकान आत्ताच्या थांब्याच्या बरोबर समोर आहे हे टाळ्या वाजवताना आठवलं.

जाकीट छान बसतं असं तिघांनी सांगितलं.

गुरुवार, २५ एप्रिल

आज समितीच्या बैठकीत सगळं कबूल करायचं ठरवून गेलो. आरशासमोर सरावही केला होता. पण विषयपत्रिकेवर माझ्याकडे फक्त आभार. आभारात कबुली बसवणं अवघड असतं. सगळ्यांचे आभार मानले. पुढच्या बैठकीत नक्की.

बुधवार, १५ मे

थांबा हलला. गावापासून दीड किलोमीटर. चालणं तब्येतीला चांगलंच. (मी स्कूटरवरून बघून आलो.)

वहिनीकडे गेलो होतो. सकाळच्या गाडीनं उतरणारी माणसं तिच्याकडे कपडे आखूड करायला, चेन बदलायला टाकतात आणि दुपारच्या गाडीनं परत जाताना घेऊन जातात. ‘दोन गाड्यांमधलं काम’ म्हणते ती. तिचं घर त्याच्यावरच चालतं. आज दोन गाड्यांच्या मध्ये एक माणूस फिरकला नाही. म्हणाली, होईल हळूहळू सवय लोकांना, तुम्ही विचार करूनच केलं असणार.

जेवण गेलं नाही. संध्याकाळी थोडं गेलं.

सोमवार, १० जून

समितीनं माझा सत्कार केला. नको म्हणत होतो. फार ताणून धरलं नाही.

सोमवार, १ जुलै

पत्र पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिलं. आता पोस्टात टाकायचंच. पण पोस्टही हायवेला गेलंय, नव्या केंद्रात. स्कूटर दुरुस्तीला टाकलीय. म्हणजे दीड किलोमीटर चालणं आलं, आणि गुडघा.

फोटोवाला गेला, सायकलवाला गेला. आज फाइलवाल्यानं सामान बांधलं. मला म्हणाला, साहेब, तुम्ही मोजायला आलात तेव्हा आम्ही होतो ना? मी हसलो. तोही हसला, पण वेगळं.

बुधवार, २४ जुलै

वहिनीनं दुकान रिकामं केलं. मशीन घरी न्यायची होती, एक बाजू मी धरली. तेवढ्यात तिला माझ्या जाकिटाचा उसवलेला खिसा दिसला. कागद काढून-घालून उसवला असणार. म्हणाली, काढा ते, मशीन बांधायच्या आधी एवढी टीप मारून देते.

खिशातून पत्र निघालं. तिनं उभ्या उभ्या सगळं वाचलं. सोमवार वाचला, क्रमांक सतरा वाचला. मी शटरकडे बघत राहिलो. मग ती खाली बसली, टीप मारली, दोरा दातानं तोडला, पत्राची पहिल्यासारखी घडी करून खिशात ठेवलं. म्हणाली, भाऊजी, तारीख घालायची राहिलीय.

चार शिव्या दिल्या असत्या तर मला घरी येऊन झोप तरी लागली असती.

बुधवार, १६ ऑक्टोबर

मॅडमच्या ऑफिसातून पत्र आलं. प्रगती किती झाली ते कळावं म्हणून तोच सर्व्हे पुन्हा करा, त्याच माणसानं.

या वेळी चूक होऊ द्यायची नाही असं ठरवलं. दोन कॅलेंडरं बघितली, हिलाही विचारलं. बुधवारच. पाचला उठलो, खरोखर पाचला. दुकानं उघडायच्या वेळेपर्यंत थांबलो, वर अर्धा तास जास्त थांबलो. मग निघालो.

चाळीस मिनिटं लागली. रस्ता मोकळा, कुणी आडवं आलं नाही, काय लिहिताय म्हणून कुणी विचारलं नाही. दुकानं चव्वेचाळीस, त्यातली बंद एकतीस. उलट्या टोकाकडून परत मोजली. एकतीसच. उघडी तेरा, औषधांची, दुधाची आणि चहाची.

मागच्या अहवालात आता दुरुस्तीची गरज नाही. पत्र खिशातच आहे, तारीख घातली नाही.

क्रमांक सतरापुढे सवयीनं ‘बंद, शटर गंजलेलं’ लिहिलं. मग जवळ जाऊन हात लावून बघितला आणि पुढचे दोन शब्द खोडले. वहिनीनं जाताना शटरला तेल घातलं होतं.