पाठ लागली की हात सुटतात

मुरुम, रविवार, १२ मार्च १९६१

दाजी फौजेतून रजेवर आले आहेत. तिथे मुष्टियुद्ध शिकले. उडी घेऊन ठोसा मारतात. तो मोडलास तर भरतीला सोबत नेतो, म्हणाले. म्हणून संध्याकाळी तालमीत उतरलो.

उडीत माणसाचे पाय अधांतरी असतात. मी वाकून ठोशाखालून आत शिरलो, कमरेला मिठी घातली आणि त्यांना मातीत पाडले. पाठ लागली तसे माझे हात सुटले. कुस्तीत चीत झालेल्याला कोण धरून ठेवतो? मी उठतो तोच कानाखाली ठोसा बसला.

“दाजी, संपलं होतं की.”

“तुझं संपलं, मेव्हण्या. माझं कुठं? उद्या पुन्हा बघू. परवा जायचंय मला.”

वस्ताद हसले नाहीत. “पाठ लागल्यावर दाबून धरायचं असंल तर ह्या मातीत न्हाय. बाहेर करा.”

हात न विचारताच सुटले, हे खुपते. उद्याही सुटले तर? भरती राहिली.

दाजींना सकाळी खळ्यावर बोलावले आहे. तिथली जमीन कडक. त्यांना न लागता कसे पाडावे, याचाच विचार मघापासून चालला आहे.