म्हातारीची ऊब

ता. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे पुष्कळ आशीर्वाद.

तुला आजी आहे हे तू विसरलीस, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझ्या बापाची आई. दोन खोल्या, एक काठी, उजवा कान बंद, डावा मर्जीवर चालतो. तुला मीच वाढवलं, मागच्या खोलीत. ओळख पटली असेल तर पुढे वाच. शनीचे चंद्र तुला झोपेतून उठवून विचारले तरी सांगशील. आज्या किती, म्हटलं तर बोटं मोजायला लागशील.

पत्र नेहमीप्रमाणे खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. शिंपीणबाईला वाटतं मला बोलताही येत नाही, म्हणून ती माझी वाक्यं उसवून पुन्हा शिवते.

इथलं बरं आहे. काल दूधवालीशी बोलायला गेले तर घशातून आवाजच फुटेना. वापरलाच नव्हता ना बरेच दिवस.

तुझा काका येऊन गेला. आला तो बसायच्या आधी मागची खोली फीत लावून मोजली. मग म्हणाला, थंडीत एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल, हे घर भाड्याने देऊ. त्याच्याकडे मला बैठकीच्या खोलीत पडद्याआड जागा आहे. पडदा चांगला जाड आहे म्हणे. मी म्हटलं, भिंगरीला विचारते, ती म्हणेल तसं करते. तेवढ्यावर फीत गुंडाळून निघून गेला. तेव्हा तू काय म्हणतेस ते कळव. फोन करू नकोस, फोनवर तुझी नुसती खरखर ऐकू येते.

आणि तू तिथे नेमकं काय करतेस तेही लिही. तू आकाशात नोकरी करतेस असं मी दूधवालीला सांगून बसले आहे.

थोडं सांगितलं, बरंच गिळलं. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी


ता. १९ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

ओळख पटली. कान धरले.

मी आकाशात नाही, जमिनीवरच असते, आणि तीही ओसाड. चारी बाजूंना माळ आणि मधोमध आमची अँटेना: एखाद्या मैदानाएवढी थाळी, तोंड वर करून बसलेली. तिचं मुख्य काम ऐकणं. गावाचा गोंगाट तिला चालत नाही, म्हणून आम्हालाही गाव नाही. पाळीला आम्ही दोघं असतो. दुसरा इतका अबोल आहे की त्याच्यापेक्षा थाळी बरी.

काय ऐकतो, ते सांगते. मधे सूर्य, भोवती आठ ग्रह. मी शाळेत होते तेव्हा नऊ होते. प्लूटोला पुढे ग्रहांतून वगळलं. सूर्याचा उजेड तुझ्या खिडकीत पोचायला आठ मिनिटं लागतात. शुक्र स्वतःभोवती इतका रेंगाळत फिरतो की त्याची एक फेरी त्याच्या वर्षाहूनही लांबते. आणि या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे आमचं एक यान गेलेलं आहे, माझ्या जन्माआधी सोडलेलं. गुरूवरचं पृथ्वीहून मोठं वादळ त्याने पाहिलं, शनीची बर्फाळ कडी पाहिली, आणि मग काळोखात सरळ चालत राहिलं. परतीची सोय केलेलीच नाही. आता ते इतकं लांब आहे की इथून हाक मारली तर उत्तर यायला जवळजवळ दोन दिवस लागतात. तिथून सूर्य म्हणजे एक ठळक तारा. त्याच्या उन्हावर काही चालत नाही. यानाच्या पोटात अणूंची शेगडी आहे, तिचीच वीज, आणि ती दरवर्षी थोडी थोडी विझत जाते. इथे सगळे त्या यानाला म्हातारी म्हणतात.

म्हातारीचं आता काही खरं नाही. वीज पुरत नाही. परवा बैठकीत ठरलं की तिचा आणखी एक हीटर बंद करायचा. मीही हात वर केला. वाईट वाटलं, पण इलाज नाही. तिला कळणारही नाही.

काकाच्या घराबद्दल सावकाश लिहिते, आत्ता पाळी सुरू होते आहे. राग असला तरी लोभ राहू दे.

तुझी भिंगरी


ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिंपीणबाईने वाचून दाखवलं.

म्हातारीचं काही खरं नाही हे मलाही माहीत होतं. पण ती बैठक घेऊन ठरवायची गोष्ट असेल असं वाटलं नव्हतं. काका, काकू आणि तू बसलात म्हणायचं. हातही वर केलेत. इथे दोन्ही खोल्यांतले हीटर चालतात हे काकाने सांगितलं असणार. मागचा चालू ठेवते, कारण तू न कळवता आलीस तर गादी गार लागायला नको. तो मी आज बंद केला. बैठकीला कळव.

फक्त एक. म्हातारीला कळणारही नाही, हे लिहायला नको होतंस. कान गेला म्हणून कातडी जात नाही.

काकाला निरोप धाडला आहे. रविवारी येऊन तो मला आणि चावीला घेऊन जाईल. पडदा कोणत्या रंगाचा आहे तेवढं विचारून ठेवलं आहे, कारण यापुढे तोच बघायचा आहे.

आजी

(आशीर्वाद बाईंनी सांगितले नव्हते. ते मी माझ्या मनाने घातले. – शिंपीण)


ता. ८ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

शिंपीणबाई, आधी तुम्हाला हात जोडते. हे पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. अवघड वाटलं तरी काही गाळू नका.

आजी, म्हातारी म्हणजे तू नव्हेस. म्हातारी म्हणजे यान. धातूचं, बिनमाणसाचं, सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेलेलं. त्याच्यावर मी पान भरून लिहिलं होतं, ते तुझ्यापर्यंत आलेलंच दिसत नाही. बैठक झाली ती आमच्या कचेरीत. हीटर बंद करायचा तो यानाचा, कारण तेवढ्या वाचलेल्या विजेवर त्याचा आवाज आणखी काही काळ चालेल. त्याचं बोलणं थांबू नये म्हणून मी हात वर केला.

पण तू मला एक सरळ प्रश्न विचारला होतास आणि मी सावकाश लिहिते म्हणून मोकळी झाले. आता लिहिते: जाऊ नकोस. ते घर तुझं आहे. काकाला फोन केला. तो म्हणाला, आईने आपणहून निरोप पाठवला आहे, तू मधे पडू नकोस.

हाक सोडल्यावर इथे दोन दिवस कुणी खुर्चीला पाठ टेकून बसत नाही. उत्तर म्हणजे तरी काय, नुसते आकडे. त्यांचा अर्थ एवढाच, की ती अजून आहे. तेवढ्यावर आम्ही सगळे चहा पितो. मग जो तो आपापल्या खोलीत जातो आणि मला कुणाला तरी हे सांगावंसं वाटतं.

फोनवर तुला माझी खरखरच ऐकू येणार, आणि हे पत्र रविवारच्या आत पोचेल का, माहीत नाही. थाळीतून पाठवता आलं असतं तर पापणी लवायच्या आत तुझ्या दाराशी आलं असतं.

भिंगरी


ता. २० मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद. या वेळचे माझे स्वतःचे.

काका रविवारी आला, तुझं पत्र मंगळवारी.

शिंपीणबाईने सगळं कबूल केलं. ग्रहांचा मजकूर लागला की ती पान उलटते. तिला वाटलं, म्हातारीला ग्रहांशी काय करायचंय. शिक्षा म्हणून तेच पान तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. शुक्राच्या फेरीचं तिला फार नवल वाटलं. मला नाही वाटलं. माझ्याकडे रोज दुपार असते.

आता इथलं. काका टेम्पो घेऊन आला. मागच्या खोलीतली तुझी खाट गेली, टेबल गेलं, कपाट गेलं. मग माझी पाळी आली. मी खुर्चीवर बसले होते ती उठलेच नाही. सांगितलं, भिंगरीने हात वर केला असेल, माझा अजून खालीच आहे. काका आधी ओरडला, मग माझ्यासमोर जमिनीवर बसला, मग त्याने माझ्या स्वेटरचं बटण लावून दिलं. शेवटी मागची खोली तेवढी घेऊन गेला. तिला जिन्यावर वेगळं दार आहेच. तिथे आता एक कवळ्या बनवणारा कारागीर राहतो. दिवसभर काहीतरी घासत असतो. ऐकू येत नाही, पण मधल्या भिंतीला हात लावला की कळतं. मी लावते अधूनमधून.

खोली परत मागता येणार नाही. मीच निरोप धाडला होता. आलीस की माझ्या शेजारी खाली झोपावं लागेल.

त्या म्हातारीचं उत्तर आलं का, ते कळव. थंडीने तिला काही झालं नाही ना? मला निदान शिंपीणबाई आहे, अर्धं वाचणारी का होईना. तिला तुम्हीच. तेव्हा तू तिथे कान लावून बस. घाईने ये असं मी म्हटलेलं नाही. पत्रात कुठे तसं दिसलं तर ते माझं समजू नकोस.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो कुठे जातोय.

तुझी आजी

(लवकर ये. – शिंपीण)

ता. क. – तिकडे नासपती मिळत असतील तर पेटीभर पाठव. पिकलेली घेऊ नकोस, दगडासारखी कडक बघून घे. इथे पोचायला वेळ लागतो, वाटेत पिकतील.