गंजणार नाही अशी तार

सोमवार, ता. ६ जानेवारी १९१३

दिवाळीपासून या वहीत काही लिहिलं नाही, त्याबद्दल माझी मीच माफी मागतो. दौत सुकली होती. ती भिजवेपर्यंत मळणी आली, मग खोकला आला. आता नेमानं लिहीन.

कारण मोठं आहे. आईबापाविना वाढलेली नात बाळी, तिचं लग्न माघात ठरलं. काल सुपारी फुटली. व्याही भिकाजी लोंढा गावचे, दुकानदार, पोट पुढं. भर बैठकीत म्हणाले, "उमाजीराव, उजेडाची काळजी नको. चार ग्यासबत्त्या आमच्याकडून. तुम्ही अंधार तेवढा घेऊन या!" सगळे हसले. आमचेही हसले. बाळी आत मान खाली घालून बसली होती, ते मी पाहिलं.

मी कॅसलरॉक स्टेशनात बावीस वर्षं तारेच्या ब्याटऱ्यांत नवसागराचं पाणी भरलं आहे. तारमास्तरांनी एकदा दाखवलं होतं: ब्याटरीच्या दोन तारा पाण्यात सोडल्या की पाण्याचाच ग्यास होतो, आणि तो जळतो. म्हणजे विहीरभर ग्यास आपल्या परड्यात पडून आहे. मांडवात माझी बत्ती लागेल. ठरलं.

बुधवार, ता. ८

टाकून दिलेल्या जुन्या ब्याटऱ्या माळ्यावरून काढल्या. नवसागर घातला. लोणच्याची बरणी घेतली (पुतळीला विचारलं नाही, ती गोठ्यात होती). मिठाचं पाणी, तांब्याच्या दोन तारा. बुडबुडे! दोन्ही तारांना लागलीच बुडबुडे!

पुतळी म्हणाली, "लोणचं कुठं हाय?" बायकोला सायन्स कळत नाही.

गुरुवार, ता. ९

पाणी हिरवं झालं. एक तार कुरतडून तुटली. दुसरी मात्र नव्यासारखी लखलखीत. चमत्कारिकच. तांबं भेसळीचं असणार.

शनिवार, ता. ११

लोखंडी तार. पाणी काढ्यासारखं तांबडं, तळाला गाळ. इथेही एकच तार खाल्ली गेली, दुसरी ठीक. माघ जवळ येतो आहे.

गंजणार नाही अशी तार हवी. बाकी सगळं तयार आहे.

पुतळी चुलीतली राख ओढत म्हणाली, "कोळसा गंजल्याला बघितलाय कवा? त्यो घाला." हे टोचून बोलणं.

बुधवार, ता. १५

संक्रांतीचा तिळगूळ दिला तरी पुतळी गोड बोलली नाही. बरणी मागते आहे.

सोमवार, ता. २०

उपाय सापडला! इतका सोपा की कुणाला कसा सुचला नाही. तांब्याच्या भांड्याला कळंक चढू नये म्हणून आपण काय करतो? कल्हई! मग तारेला का नको? कल्हईवाला उद्या वाडीत येतो आहे.

मंगळवार, ता. २१

कल्हईवाल्यानं तार हातात फिरवून पाहिली. म्हणाला, "आज्जा, या तारंत आमटी शिजिवणार काय?" वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. करून मात्र दिली. चांदीसारखी दिसते.

शुक्रवार, ता. २४

ट्रायल. तारेवर बाटली उलटी धरून पाव बाटली ग्यास साठवला. पुतळी आणि बाळीला मुद्दाम बोलावून काडी लावली. फट् झालं. माझी उजवी भुवई गेली.

पुतळी म्हणाली, "उजेड कुठं हाय?"

उजेड झाला होता. त्या वेळी मी डोळे मिटले होते, आणि त्या दोघींनीही मिटले असतील.

शनिवार, ता. २५

कल्हई उतरली. पाणी ताकासारखं पांढरं, तार परत कुरतडलेली. कल्हईवाला पुढच्या गावी पळाला आहे.

रविवार, ता. २ फेब्रुवारी

भिकाजींचा निरोप. बत्त्या चार नव्हे, सहा आणणार. मुद्दाम कळवलं आहे.

रात्रीला झोप नाही. बाळी पाय चेपायला बसली. म्हणाली, "अज्जा, मला बत्ती नको. आजीची नथ हाय की, तेवढं बास." शहाणी पोर. पण तिला व्याह्यांचं हसणं ऐकू येत नाही, मला येतं.

नथीची रीत पुतळीच्या माहेरची. हळदीच्या दिवशी आजीनं आपल्या हातानं नातीच्या नाकात घालायची. पुतळीला अशीच तिच्या आजीनं घातली होती. बाळीचं नाक नुकतंच टोचलं आहे, भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घालून ठेवली आहे.

रविवार, ता. ९

आज सोनार नथ उजळायला आला होता. सहज विचारलं, हे गंजतं का? तो म्हणाला, "सोनं? आज्जा, आपण मातीत जाऊ, सोनं हाय तसंच ऱ्हाईल."

विचार करतो आहे. काही करणार नाही. फक्त विचार.

मंगळवार, ता. ११

पुतळी आणि बाळी हळद कांडायला शेजारी गेल्या. नथ डब्यातून घेतली. मोडायची नाही, वाकवायचीही नाही. फाशानं, म्हणजे नाकात अडकवायच्या आकड्यानं, बरणीच्या काठाला अडकवली, तार लावली. जरा वेळ वापरून पुसून परत डब्यात. उसन्या मुसळासारखंच हे.

काम लवकर व्हावं म्हणून मीठ दुप्पट घातलं. बुडबुडे असे की पाणी उकळतंय वाटावं! नाकाला झोंबणारा उग्र वास. म्हणजे ग्यास जोरदार आहे. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते आनंदाचं. जरा पडतो.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

पाणी पिवळं झालं आहे. फासा काठावरच आहे. खाली काही नाही. मोती तळाशी.

सोनं गंजलं नाही. ते नुसतं नाही.

बुधवार, ता. १२

नथ घडवणाऱ्या सोनाराचं सोनं हलकं होतं, असं पुतळीला सांगणार होतो. तिनं बरणी पाहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हात घालून एक एक मोती काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "माझ्या आजीनं घातली तवा तिचा हात कापत हुता." एवढंच.

शुक्रवार, ता. १४

दोघी कुळगीला गेल्या, पुतळीच्या भावाकडे, येसूकडे. हळद आणि लग्न तिकडेच होणार म्हणे. जाताना बाळीनं पाया पडून विचारलं, "अज्जा, तुमी येणार न्हवं?" पुतळी मध्येच म्हणाली, "चल, उन्हं वर आली."

बाळीच्या नाकात अजून काडीच आहे.

रविवार, ता. १६

घरात कुणी नाही. पेज करपली. करायला काही नव्हतं म्हणून जुन्या ब्याटऱ्या उघडून धुतल्या. आतली कोळशाची कांडी बाहेर काढली. इतकी वर्षं नवसागरात बुडून होती. टवकासुद्धा उडालेला नाही. बराच वेळ हातात धरून बसलो. मग परत आत ठेवली आणि झाकण लावलं.

लग्न पुढच्या रविवारी. उद्या वाडीतला धाकलू कुळगीच्या जंगलात लाकडं तोडायला जातो आहे, त्याच्या तोंडी निरोप धाडायचा. चुकायला नको म्हणून इथे लिहून पाठ करतो:

पुतळे, लोणच्याची बरणी घासून ठेवली आहे. व्याह्यांना सहा बत्त्या आणू देत, मी काही बोलणार नाही, मागच्या रांगेत अंधारातही बसेन. मांडवात यायचं की नाही, तेवढं सांग. धाकलू मंगळवारी परत फिरतो. त्याच्याकडेच सांग, विसरू नको.