ऑक्टोबरातला नाताळ

३ डिसेंबर

आला एकदाचा! नाताळचा जोडअंक. दोन आठवड्यांचे सगळे टीव्ही कार्यक्रम एकाच अंकात. शेजारची डिलिस दुकानातून माझाही घेऊन आली. हातात देण्याआधी स्वतः चाळून झाला होता — कोपरे दुमडलेले.

तिच्या अंकात लाल वर्तुळंच वर्तुळं. सिनेमे, सर्कस, राणीचं भाषण, पुन्हा सिनेमे.

"तू कशाकशावर खूण केलीस?"

"अजून कशावरच नाही."

"अगं, उरकून टाक एलुनेड! आयत्या वेळी ठरवायला बसलीस की निम्मं निघून जातं."

ती गेल्यावर एकच खूण केली. पंचवीस तारीख, संध्याकाळी सात, आमच्या वेल्श भाषेचं चॅनल. नाताळगीतं — बेथेनिया चॅपलमधून. आमचं चॅपल.

खूण पेन्सिलीने केली. अगदी फिकट.

४ डिसेंबर

आमचा नाताळ खरं तर ऑक्टोबरातच झाला. टीव्हीवाल्यांचं असंच असतं. बाहेर कुंपणावर ब्लॅकबेरी पिकलेल्या, आणि आत आम्ही लोकरी कोट आणि गळपट्टे घालून, घामाने निथळत, बाळ येशूचं स्वागत करतोय. खिडक्यांत प्लास्टिकची पानं. कापसाचा बर्फ.

चॅपल भरलेलं दिसायला हवं, म्हणून पलीकडच्या खोऱ्यातल्या सालेम चॅपलची माणसंही बोलावली होती. म्हणजे नेस्टा आलीच. माझी मोठी बहीण. आई गेल्यापासून आम्ही बोलत नाही. ती म्हणते, मी तिला मुद्दाम उशिरा कळवलं. मी म्हणते, बर्फ होता, टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. दोन्ही वाक्यं झिजून गुळगुळीत झाली आहेत. आता कुणी म्हणतही नाही.

टीव्हीवाल्यांची, कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी माणसं हलवत होती — कोटांच्या रंगांवरून! "हिरवा कोट, तुम्ही पुढे या. इथे, लाल कोटाशेजारी." लाल कोट नेस्टाचा. गावातल्या कुणाची ही छाती झाली नसती. सगळं चॅपल एकदम खोकायचं थांबलं. त्या पोरीला काय कल्पना!

"दोघींत एक पुस्तक. पानांचा आवाज येतो. आणि नजर गाणं घेणाऱ्यांवर. इकडेतिकडे कुणी बघायचं नाही."

नेस्टाने पुस्तक डावीकडून धरलं, मी उजवीकडून. मी जन्मभर शाळेत शिकवलं. सांगितलेलं पाळते. नजर हम्फ्रीजच्या हातांवर ठेवली. समोर उभा राहून, हातांनी ताल देत गाणं तोच घेतो.

शेवटच्या कडव्यात पुस्तक माझ्या बाजूला कललं. जरासंच. बाजूचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. ती माझ्याकडे वळली होती का? की चष्मा घसरला? की मला फक्त तसं वाटलं?

मी वळले नाही. गाणं संपलं. ती सालेमच्या बसमध्ये जाऊन बसली.

कॅमेरा आमच्या समोरच होता. त्याने पाहिलं आहे.

७ डिसेंबर

गावात दुसरा विषय नाही. कोण दिसणार, किती दिसणार. हम्फ्रीज पोस्टात सांगत होता, "माझी तर फक्त पाठ येणार. टक्कल ऑक्टोबरातलं, पण दिसेल डिसेंबरात. तोवर उरलेले केसही गेलेत." डिलिसने त्या दिवसासाठी नवा कोट शिवून घेतला होता. तिला बसवलं खांबामागे. तिचा राग अजून गेलेला नाही.

"तुमचं बरं," ती मला म्हणाली. "पुढच्या रांगेत. तू आणि—" मग टॉफीबद्दल बोलायला लागली.

सगळे असंच करतात. "तू आणि—" आणि पुढे टॉफी.

११ डिसेंबर

रात्रभर वारा. सकाळी टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. बाहेर जाऊन पाहिलं. अँटेना धुराड्यावर आडवी पडली आहे.

आजच पडायची होती!

१२ डिसेंबर

आल्विन अँटेनाला फोन केला. (इथे एकाच आडनावाची माणसं फार. धंदाच आडनाव होतो.) बायकोने उचलला. "सगळ्या खोऱ्यातल्या अँटेना पडल्यात, मिस. नंबर लावते तुमचा. सोळा तारखेच्या आत नाही."

तिलाही मी शिकवलं होतं. अर्जही करता यायचा नाही. आता नंबर लावते.

१४ डिसेंबर

मुंग्या. बघत बसले तरीही. मूर्खपणा.

१६ डिसेंबर

नेमकी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते तेव्हा आल्विन येऊन गेला! परत आले तर अँटेना ताठ उभी. जीव भांड्यात पडला. कोटही न काढता टीव्ही लावला. चित्र स्वच्छ — इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. चारही चॅनल.

चारही इंग्लंडची.

मग लक्षात आलं. अँटेनाचं तोंड डोंगराकडे होतं, ते समुद्राकडे झालंय. पाण्यापलीकडच्या इंग्लंडच्या टीव्ही-मनोऱ्याकडे. वेल्श चॅनलच्या जागी कुणी बाई इंग्रजीत पुडिंग कसं उकडायचं ते सांगत होती.

आल्विनचा फोन लागेना. तोंड अर्धं बधिर. लागला असता तरी काय बोलले असते कोण जाणे.

१७ डिसेंबर

लागला.

"आल्विन, अँटेना उलटी लावलीस."

"उलटी कशी, मिस? समुद्राकडे केली. नाताळात सगळे तिकडेच वळवून घेतात. सिनेमे तिकडेच चांगले लागतात. आमच्या उपदेशकसाहेबांनीसुद्धा वळवून घेतली. कुणाला सांगू नका!"

"मला विचारायचंस तरी."

"आश्चर्याचा धक्का म्हणून केलं हो. पैसेही घेणार नव्हतो."

"मला आपलं चॅनल हवं. पंचवीसला."

"चॅपलचा कार्यक्रम?" तो हसला. "तुम्ही तर स्वतः होतात ना तिथे, मिस! बघायचं काय राहिलंय त्यात?"

"हवंय मला," एवढंच म्हटलं. काय सांगणार त्याला?

शनिवारी येऊन फिरवतो म्हणाला.

२० डिसेंबर

शनिवार. पाऊस. आल्विन नाही. "ओल्या कौलांवर शिडी नको, मिस. सोमवारी नक्की."

अंक उशाशी. एकच फिकट वर्तुळ. डिलिसच्या भिंतीतून तिच्या टीव्हीचा आवाज येतो. खदाखदा हसते आहे. तिच्या धुराड्यावर दोन अँटेना आहेत — एक डोंगराकडे, एक समुद्राकडे. सुखी बाई.

२२ डिसेंबर

आल्विनचा पाय मुरगळला. शिडीवरून पडून नव्हे — खाटकाच्या पायरीवरून, टर्की उचलून नेताना! टर्की धड आहे. त्याची बायको म्हणाली, "नाताळ झाल्यावर बघू, मिस. दोन दिवसांनी काय बिघडतं?"

फोन आपटला. मग पुन्हा लावला आणि पायाची चौकशी केली.

मागच्या अंगणात जाऊन धुराड्याकडे बघत उभी राहिले. काठीने ढकलता येईल का? कपडे वाळत घालायची लांब काठी आणली. पोचली नाही. खुर्चीवर चढले. तरीही नाही. डिलिस कुंपणावरून बघत होती.

"एलुनेड, तुला अक्कल आहे का? उतर खाली! या वयात माकडचेष्टा! आमच्याकडे ये की बघायला."

"नको."

"का नको? सगळे येणारेत. हम्फ्रीज, त्याची बायको, ती टेकडीवरची दोघं. मजा येईल."

मजाच नको होती. मला एकटीने बघायचं होतं. दिवे घालवून, पडद्याजवळ जाऊन, गुडघ्यांवर बसून. एवढंच मागितलं होतं या नाताळाकडे.

२३ डिसेंबर

डिलिसला सांगितलं, येते. तिने मिठीच मारली. मी काहीतरी आणते म्हटलं. "तू फक्त तोंड सरळ ठेव," म्हणाली.

२४ डिसेंबर

झोप नाही. ते कडवं डोक्यात फिरतंय. त्याच जागी अडतंय.

२५ डिसेंबर

जेवण एकटीने केलं. पुडिंग उघडलं नाही. साडेसहाला डिलिसकडे. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मला सोफ्यावर बसवलं, हम्फ्रीज आणि काळ्या टॉफीचं ताट यांच्या मधोमध. टीव्हीवर कागदी झिरमिळ्या, त्या पडद्यावर लोंबत होत्या. कुणीतरी बाजूला करा, असं म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

सात. आमच्या चॅपलचं दार. कापसाचा बर्फ खरा दिसतो, हे मान्य करायला हवं.

सगळे एकदम बोलायला लागले.

"ते बघा माझं टक्कल!"

"अहो, तेवढंच दिसतंय!"

"कोपर! ते माझं कोपर! खांबाच्या डावीकडे!" डिलिस उभीच राहिली. "निळी बाही! बघितलंत ना? गेली!"

"शू!" मी म्हटलं. वर्गात म्हणायचे तसं. सगळे गप्प झाले. हम्फ्रीजसुद्धा.

पहिली दोन गाणी पुरुषांची. मग मुलं. मग आमचं. पहिल्या कडव्यात वरून सगळं चॅपल. दुसऱ्यात हम्फ्रीजचे हात. तिसऱ्यात कॅमेरा आमच्या रांगेवरून सरकू लागला, उजवीकडून, एकेक चेहरा. राखाडी कोट. तपकिरी कोट. मग लाल.

खोलीत कुणी हलेना. टॉफी चघळायचं थांबलं.

नेस्टा. थकलेली दिसते. आईसारखी हनुवटी. शेजारी मी, हिरवा कोट, ताठ, लाकडासारखी. नजर समोर. पुस्तक आमच्या मधोमध. बोटं अगदी जवळजवळ. मला हे आठवत नव्हतं.

शेवटचं कडवं सुरू झालं. पुस्तक माझ्या बाजूला कललं. मी पाहिलं! नेस्टाची मान—

मेणबत्ती.

चित्रभर मेणबत्ती. ज्योत. मग ज्योतीच्या मागे अंधुक खिडकी. पुन्हा ज्योत. आम्ही सगळे गात होतो, आवाज येत होता, आणि ती बया जळत होती. कडवं संपेपर्यंत. मग नावं वर सरकायला लागली.

"किती सुंदर घेतलंय!" हम्फ्रीजची बायको म्हणाली. "ती मेणबत्ती!"

डिलिसने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "टॉफी घे." मी घेतली. दाताला चिकटली. नव्या दाताला.

घरी आले. अंक शेगडीत घातला. उशाजवळच्या खिडकीतून पाऊस येऊन ओला झाला होता. धूर झाला, पेटला नाही.

त्या मुलीने दोघींना शेजारी बसवलं, कोटांच्या रंगासाठी. आणि मग मेणबत्ती दाखवली. मेणबत्तीच दाखवायची होती तर मला हलवलं कशाला? मला मागे खांबाजवळ बसू द्यायचं होतं. डिलिसशेजारी. कोपर दिसलं असतं.

आता कधीच कळणार नाही.

२६ डिसेंबर

सकाळी फोन. आल्विन असेल म्हणून उचलला.

"काय मेलं त्या मेणबत्तीचं कौतुक!" नमस्कार नाही, नाव नाही. "ऑक्टोबरपासून वाट बघत बसले. नेमकं त्याच कडव्याला! मला फक्त एवढंच बघायचं होतं, की तू—"

नेस्टा.

मी म्हटलं, "मलाही."