परातीच्या काठावरचं नाव

बारामती, मंगळवार, १९५६. दिवेलागण.

आमच्या उडत्या तबकडीची फिल्म आज पुण्याहून धुऊन आली. माझ्या मित्राने, दत्तूने ती त्याच्या फोटो स्टुडिओत भिंतीवर चालवून दाखवली. तबकडी म्हणून आम्ही पितळेची परात दोऱ्याने बांबूला टांगली होती. उसाच्या तुऱ्यांवर ती झकास गिरक्या घेते. मग दोऱ्याचा पीळ संपतो, परात क्षणभर थांबते आणि काठावर कोरलेलं नाव स्वच्छ वाचता येतं. जिच्यावर माझा जीव आहे त्या कुसुमच्या वडिलांचं, आबांचं नाव. पुढे मुक्काम शेळगाव.

दत्तू पोट धरून हसला. "गड्या, मंगळावर बी भांड्यावर नावं घालत्यात!"

मला कुठलं हसू? परात कुसुमनेच दिली होती, मागच्या दाराने, आबांना न सांगता. आणि उद्या फिल्म दाखवायची ती शेळगावच्याच शाळेत. आबा पुढेच बसणार. ते नाव त्यांनी वाचलं की कुसुमचं काय होईल?

"तेवढा तुकडा काप," मी म्हणालो.

"न्हाय. तितंच तर लोकं हसत्याल."

मी त्याची गचांडी धरली. तसा तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुणी दिली रं परात?"

"चोरली." तोंडातून निघून गेलं.

आता आबांनाही तेच सांगायचं. सकाळीच जातो. कॉलेज सोडून घरी आलो तेव्हासुद्धा इतका घाबरलो नव्हतो. मार खाईन, त्याचं काही नाही. पण कुसुम मधे पडून "मीच दिली" म्हणाली तर?

आणि गप्पच राहिली तर?