शेंगा तोडतानाचं गाणं

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १५ डिसेंबर २०२४

ती. उमाआत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना टाळतेस ना? बाबांची शुगर आटोक्यात आहे. औरंगपुऱ्यातून तुझ्यासाठी निळ्या-काळ्या शाईची बाटली आणून ठेवली आहे. मी बरी आहे. हे वाक्य लिहून पाच मिनिटं झाली, पण असू दे.

फोनवर तू मध्येच थांबवतेस आणि मी थांबते, म्हणून पत्र.

येत्या शनिवारच्या आमच्या शाळेतल्या कार्यक्रमाबद्दल लिहायचं आहे. आठवीला मी अमेरिकेचा इतिहास लोकगीतांतून शिकवते, हे तुला ठाऊक आहे. रेल्वेचे रूळ टाकणाऱ्यांची गाणी झाली, मग कापूस वेचणाऱ्या गुलामांची. मालक म्हणायचे, हे लोक गातात म्हणजे सुखात आहेत. मी मुलांना सांगितलं की हे खोटं होतं. गप्प राहिलेला गुलाम मालकाला धोक्याचा वाटे, म्हणून त्यांना गायला लावत. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी पुढे म्हणाले, "आपल्याकडे मात्र बाया हौसेनं गायच्या. आमच्या लासूरच्या शेतात भुईमुगाच्या शेंगा तोडताना दिवसभर गाणी चालत."

हे तूच शिकवलेलं. दम्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे तू. तुझं सांगणं मी कधी पडताळून पाहिलं नाही.

मोनिका नावाची मुलगी उठली. "मॅडम, माझी आज्जी लासूर स्टेशनचीच आहे. ती असं नाही म्हणत."

मी आज्जीला वर्गात बोलावलं. मनकर्णाबाई. सत्तरीच्या आहेत. आधी त्यांना अमेरिकेतलं एक गाणं ऐकवलं आणि अर्थ सांगितला. पदर सावरत म्हणाल्या, "म्हंजी त्यांच्याबी मालकाला कान व्हते म्हना की." मुलं हसली. मीही हसले.

मग त्या म्हणाल्या, "आमी काय हौसंनं गात व्हतो व्हय? तोंडात शेंग जाऊ नाय म्हणून गायला लावायचे. गाणाऱ्या तोंडानं खाता येत नाय ना, बाई. मालकाची पोरगी बांधावर बसायची. कोणचा आवाज थांबला ते वळखायची. लई तिखट कानाची पोर."

आणि त्या गायल्या. आठ कडवी. शेवटचं असं:

उमाताई बांधावर, कान तिचा गं तिखट
गप झाली माझी लीला, तोंड उघडलं फुकट

लीला ही त्यांची धाकटी बहीण. अंगात ताप होता म्हणून गप्प झाली होती. आजोबांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, सगळ्यांसमोर तिला तोंड उघडायला लावलं, आत बोट घालून पाहिलं. तोंडात काही नव्हतं. त्या दिवसानंतर ती कधी गायली नाही, लग्नातसुद्धा नाही.

"उमाताई कोण?" मुलांनी विचारलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता कुठं असंल कुनास ठाऊक. बरी असू दे." मग माझ्याकडे वळून, "तुमी लासूरच्या कुनाच्या?"

मी म्हणाले, "आम्ही आता इथलेच."

आत्या, एवढंच म्हणाले. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

शनिवारी मुलं हेच गाणं गाणार आहेत. कार्यक्रमाच्या छापील कागदावर मी शेवटचं गाळून सातच कडवी दिली. मोनिकाने विचारलं तेव्हा वेळ कमी असल्याचं सांगितलं. "पंधरा सेकंदांचं तर आहे, मॅडम," एवढंच म्हणून ती जागेवर गेली. आता तालमीत सातवं कडवं संपलं की सगळी मुलं पहिली ओळ पुन्हा धरतात आणि ती गप्प उभी राहते. तीस मुलांत एक आवाज थांबलेला मला लगेच कळतो. हा कान मला कुणाकडून आला ते विचारायला नको.

तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. त्या मुलीला मी दोष देत नाही. बांधावर तिला कुणीतरी बसवलं होतं. पण मला शिकवलंस तेव्हा तू पंचेचाळीस वर्षांची होतीस. लीलाचं रिकामं तोंड तू पाहिलं होतंस ना? मग "हौसेनं" हा शब्द मला कुठून दिलास? ती सगळी गाणी तुला तोंडपाठ कशी, याचं मला लहानपणी किती कौतुक होतं. तू ती लिहून ठेवलेल्या वहीमुळेच तर मी मुख्याध्यापिकांना प्रमुख पाहुणी म्हणून तुझं नाव सुचवलं.

चुकलं की तू खोडरबर हातात घेऊ देत नव्हतीस. एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, चूक दिसत राहिली पाहिजे. काल मी तीसही कागदांवर आठवं कडवं हाताने लिहिलं. नाव बदललेलं नाही. उद्या मनकर्णाबाईंकडे जाऊन आम्ही लासूरच्या कुणाच्या ते सांगणार आहे. त्यानंतर त्या शनिवारी येतील की नाही, मला माहीत नाही. त्या आल्या तर आठवं कडवं त्याच गातील.

प्रमुख पाहुण्यांची खुर्ची पहिल्या रांगेत, मधोमध आहे. यायचं की नाही ते तू ठरव. आली नाहीस तर मी गुडघ्याचं कारण सांगणार नाही.

तुझ्याच कानाची,
अश्लेषा